मी न केलेला फोन

इथले अनुभव मी तीन-चार वर्षं वाचतेय. वाचून झालं की बहुतेक वेळा मनात म्हणायचे, झोप अपुरी झाली असेल, दुसरं काय! मी मूळची मिरजेची, म्हणजे दवाखान्यांच्या गावात वाढलेली. वडील लॅबमध्ये कामाला होते. गल्लीत कुणाच्या अंगात यायला लागलं की ते म्हणायचे, आधी हिमोग्लोबिन तपासा. अशा घरातली मी, त्यामुळे भूत, भानामती, बाधा या शब्दांना आमच्याकडे फक्त हसायचं असतं एवढंच मला माहीत.

हा अनुभव लिहीन लिहीन म्हणत दीड वर्ष टाळलं. कारण हा सांगायचा तर माझी अब्रू जाते. त्यात जे न समजणारं आहे ते दोन ओळींचं आहे. बाकी सगळं मी केलेलं आहे... आणि ते मला चांगलं समजतं.

मी बँकेत अधिकारी आहे. प्रमोशन घेतलं तेव्हा पोस्टिंग आलं तामिळनाडूत, कुंभकोणमला. नवरा प्रशांत पुण्यात आयटीमध्ये. सासूबाईंचं म्हणणं होतं, सईला त्यांच्याकडे ठेवावी. सई तेव्हा पाच वर्षांची. मी हट्टाने तिला बरोबर आणली. "तिकडे एकटी काय करशील?" असं ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना मला काहीतरी दाखवून द्यायचं होतं, हे आता कळतं.

कावेरीच्या पुलापासून चालत दहा मिनिटांवर वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो. सई शाळेत जाऊन तीन महिन्यांत तमिळ बोलायला लागली, मला वर्ष झालं तरी थोडंफार समजायचं एवढंच, भाजीवाल्याशी मी बोटांनी बोलत होते. सगळं ठीक चाललं होतं, फक्त सईच्या टॉन्सिल्सनी छळ मांडला होता. महिन्याला ताप, रात्री घोरणं, झोपेत मध्येच श्वास अडकायचा. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, एका दिवसाचं काम आहे.

ऑपरेशनच्या पहिल्या तारखेला सईला सर्दी झाली. दुसऱ्या तारखेला आमच्या शाखेत ऑडिट आलं आणि माझी रजा रद्द झाली. तिसरी तारीख मिळाली ती एप्रिलमधल्या मंगळवारची. प्रशांतला त्या आठवड्यात येता येत नव्हतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आणखी एकदा पुढे ढकललं तर मी स्वतः येऊन तिला घेऊन जाईन, इथे करू." मी म्हटलं, "काही ढकलत नाही आई. मंगळवारी होणार म्हणजे होणार."

आदल्या दिवशी तपासणीला गेलो तेव्हा भूल देणारे डॉक्टर भेटले. डॉक्टर राव. साठीच्या पुढचे, बारीक, कपाळावर गंध. माझं नाव वाचून एकदम मराठीतच बोलायला लागले. तंजावरच्या राजवटीत जी घराणी इकडे आली त्यातलं त्यांचं घराणं. त्यांची मराठी ऐकून मला जुनी पोथी कुणीतरी वाचतंय असं वाटलं. शब्द आपले, पण चाल तमिळची. "आम्हीं घरांत हेंच बोलतों," ते म्हणाले. "बाहेर कोणी मिळत नाहीं बोलायास. तुम्हीं आलांत, बरें झालें."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ऑपरेशनच्या अर्धा-पाऊण तास आधी सईला एक गोड औषध पाजतील. त्याने ती गुंगीत जाईल, घाबरणार नाही, आईपासून दूर नेताना रडणार नाही. "लेकरें भयानें आकांत करितात, मग भूल नीट बसत नाहीं. हें औषध दिलें की हंसत जातात." पण पोट पूर्ण रिकामं हवं. मध्यरात्रीनंतर खाणं नाही, दूध नाही. सकाळी सहापर्यंत थोडं पाणी चालेल, पुढे तेही नाही. गुंगीत किंवा भुलीत उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान हलवली. मला हे माहीतच होतं हो, मिरजेत वाढलेल्या कुणालाही माहीत असतं.

मंगळवारी सकाळी सई सहाला उठली आणि भूक लागली म्हणून रडायला लागली. एरवी तिला जेवू घालायला तासभर लागतो. नेमकं त्या दिवशी... तिने माझी ओढणी धरून ठेवली, "आई फक्त दूध, आई फक्त थोडंसं." शेजारच्या दाराची कडी वाजली तशी मला लाज वाटली, की हे लोक म्हणतील सकाळी सकाळी पोरीला मारते की काय. मी घड्याळ बघितलं. सव्वासहा. सईचा नंबर साडेनऊला होता. तीन तास आहेत, मी मनात म्हटलं, दूध तर पातळ असतं, डॉक्टर लोक थोडं जास्तच सांगतात. अर्धा कप दूध कोमट केलं. दोन बिस्किटं त्यात बुडवून दिली. ती पाच मिनिटांत शांत झाली.

मी तिला म्हटलं, "सई, हे कुणाला सांगायचं नाही हं. आपल्या दोघींचं गुपित."

तिने ओठांवर बोट ठेवलं. पाच वर्षांच्या मुलीला मी हे शिकवलं.

साडेसातला दवाखान्यात पोचलो. (नाव देत नाही. त्यांची काहीच चूक नव्हती.) ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मुलांसाठी एक छोटी खोली आहे. भिंतीवर मासे आणि हत्ती रंगवलेले, एका कोपऱ्यात खेळणी, भिंतीलगत एक लांब बाक. दाराजवळ सिस्टरचं टेबल आणि त्यावर पांढरा इंटरकॉम. ही खोली आणि रिसेप्शन, या दोनच ठिकाणांहून आत थिएटरमध्ये फोन लागतो. हे मला नंतर कळलं.

बाकावर आधीच एक बाई बसली होती, पंचवीस-सव्वीसची, केसात मोगऱ्याचा गजरा, मांडीवर मुलगी. मुलीच्या उजव्या हाताची दोन बोटं जन्मापासून एकमेकांना चिकटलेली होती, ती मोकळी करायची होती. बाईचं नाव सेल्वी, मुलीचं यालिनी. चोळपुरमहून पहाटेच्या पहिल्या बसने आल्या होत्या. हे मला सईने सांगितलं. ती दोन मिनिटांत यालिनीबरोबर लाकडी बस चालवायला लागली होती.

आठच्या सुमाराला डॉक्टर राव आले. आधी सेल्वीकडे गेले. तमिळमध्ये विचारलं, मुलीने काही खाल्लंय का. सेल्वी खाली बघत म्हणाली, एक इडली. बसमध्ये. फार रडत होती म्हणून.

डॉक्टर संतापले. एवढ्या शांत माणसाचा आवाज एवढा चढू शकतो हे मला माहीत नव्हतं. मला सगळं कळलं नाही, पण "साकडिक्क" हा शब्द कळला. मारून टाकणे. मुलीला मारून टाकायचंय का, असं ते म्हणत होते. ऑपरेशन रद्द. गुरुवारी या. सेल्वी उभी राहून ऐकत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. यालिनीने बस खाली ठेवली आणि आईच्या पायाला बिलगली.

आणि मी... मला तेव्हा तिचा राग आला होता. मला वाटलं, किती अडाणी बाई आहे, इडली कुणी देतं का! दूध निराळं.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. चेहरा एकदम निवळला. "तुमच्या लेकरानें कांहीं खादलें-पिलें का, अम्मा? खरें सांगा."

"नाही डॉक्टर," मी म्हटलं. "काल रात्री नऊला जेवली, तेवढंच."

"दूध?"

"नाही, नाही."

ते हसले. "शिकलेल्या माणसाचें असें सुख," म्हणाले आणि आत गेले.

थोड्या वेळाने सिस्टरने तेच विचारलं, मी तेच सांगितलं. मग सही करायला तिने मला पलीकडच्या खोलीत बोलावलं. सईला कुठे ठेवू म्हणून बघत होते, तर सेल्वीने हात पुढे केले. तिचा नवरा अकराला न्यायला येणार होता, तोवर ती तिथेच बसून होती. सई खुशाल तिच्या मांडीवर जाऊन बसली. मी पाच-सात मिनिटांत सही करून परत आले. सेल्वी सईच्या केसात स्वतःच्या गजऱ्यातली चार फुलं खोचत होती. माझ्याकडे तिने वर बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, मग मान खाली घातली.

नऊला सिस्टरने औषध आणलं. सुई नसलेल्या सिरिंजमधून तोंडात सोडतात. सईने तोंड वाकडं केलं पण गिळलं. मी सिस्टरचा हात धरू शकले असते. तेवढा वेळ होता, खूप वेळ होता. औषध हळूहळू सोडतात, मूल गिळेल तसं. मी ते बघत उभी राहिले. डोळ्यांसमोर सासूबाई होत्या, रजेचा अर्ज होता, "शिकलेल्या माणसाचें" होतं. सई नव्हती.

वीस मिनिटांत तिची मान डुलायला लागली. भिंतीवरच्या माशांकडे बघून ती हसत होती. "आई, मासा पळाला," म्हणाली. मग डोळे अर्धे मिटले. साडेनऊला सिस्टर आणि वॉर्डबॉय तिला ट्रॉलीवरून आत घेऊन गेले. ती रडली नाही. हसत गेली, डॉक्टर म्हणाले होते तशीच.

दार बंद झालं आणि माझ्या अंगातलं त्राण गेलं. मी बाकावर बसले. सेल्वी सरकून जवळ आली आणि तिने माझा हात हातात घेतला. तिचा तळवा खरखरीत होता, शेतात राबणाऱ्या माणसाचा असतो तसा. "पयप्पडादे, अक्का," म्हणाली. घाबरू नको. खोलीत आम्ही दोघी आणि यालिनी, बाकी कुणी नाही. सिस्टर आत गेलेली, टेबल मोकळं. समोरच्या घड्याळाकडे मी टक लावून बघत होते म्हणून वेळ नक्की माहीत आहे. नऊ चाळीस झाले, मग पंचेचाळीस.

नऊ पन्नासला दार उघडलं आणि डॉक्टर राव बाहेर आले. मास्क गळ्यात, चेहरा पांढराफटक.

"लेकरानें दूध पिलें होतें का?"

आता पुढचं लिहिते ते एका दमात लिहिते.

मी उभी राहिले, सेल्वीच्या हातातून हात सोडवला, त्याच हाताचं बोट तिच्याकडे केलं आणि म्हटलं, "मला माहीत नाही डॉक्टर. मी सही करायला गेले होते, सई हिच्याजवळ होती. हिनेच काहीतरी दिलं असेल."

सेल्वीला मराठी येत नाही. पण बोट सगळ्यांना कळतं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग डॉक्टरांकडे.

डॉक्टर मात्र गोंधळलेल्या नजरेने माझ्याकडेच बघत होते. "हें काय बोलतां?" ते म्हणाले. "आतां दहा मिनिटें झालीं, तुम्हींच तर फोनांत सांगितलें."

"मी?"

"तुम्हींच. मी लेकरास भुलीचा मास्क लावणार, इतक्यांत फोन वाजला. सिस्टरचे हात गुंतलेले, म्हणून मीं घेतला. तुम्हीं म्हणालांत..." आणि त्यांनी ते वाक्य माझ्या मराठीत म्हणून दाखवलं, त्यांच्या स्वतःच्या नाही. "सईने दूध प्यायलंय. अर्धा कप, दोन बिस्किटं. सव्वासहाला, घरी. मी खोटं बोलले."

त्यांनी लगेच सगळं थांबवलं होतं. सईला कुशीवर वळवलं, डोकं खाली केलं. वळवून होतंय तोच तिला उलटी झाली. दूध, बिस्किटाचा लगदा, सगळं बाहेर. यंत्राने तोंड आणि घसा साफ केला. भूल दिलीच नव्हती, फक्त ते गुंगीचं औषध होतं. छाती तपासली, श्वास मोकळा होता. "उताणी असती तर?" असं काहीतरी ते म्हणाले.

सई वाचली होती. माझ्या तोंडून कसाबसा शब्द निघाला तो हा, "मी फोन केला नाही."

त्यांना ते खोटंच वाटलं. का वाटू नये? सकाळपासून मी त्यांच्याशी दुसरं बोललेच काय होते. त्यांनी सेल्वीला तमिळमध्ये विचारलं, या बाईंनी तो फोन उचलला का.

आता सूड घ्यायला ती मोकळी होती. पण ती सरळ म्हणाली, आणि हे मला शब्दन् शब्द कळलं, इतकं सोपं बोलली. "इल्लै, सार. अक्का उठलीच नाही. हिचा हात माझ्या हातात होता."

डॉक्टरांनी रिसेप्शनला विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, सकाळपासून थिएटरला एकही फोन जोडलेला नाही. तिला मराठीचं अक्षर येत नाही ते सोडाच. सिस्टर म्हणाली, फोन वाजला हे तिने ऐकलं, डॉक्टरांना तो घेताना, ऐकताना आणि "सरि, अम्मा", म्हणजे बरं बाई, म्हणून ठेवताना बघितलं. एवढंच.

सई दुपारपर्यंत गुंगीत होती. मी तिच्या उशाशी बसून होते. जाग आल्यावर तिने पहिलं काय केलं असेल? ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली. गुपित तिने पाळलं होतं. मला बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडावं लागलं. बाहेर येऊन सेल्वीला शोधायला गेले, तर ती केव्हाच निघून गेली होती.

संध्याकाळी प्रशांतला फोन केला. ऑपरेशन का झालं नाही याचं काहीतरी थातुरमातुर कारण त्यालाही सांगणार होते, पण नाही सांगू शकले. सगळं सांगितलं. त्याने, जशी मी एरवी दिली असती तशी, कारणं द्यायला सुरुवात केली. त्या औषधाने मुलं बडबडतात, सईच बोलली असेल. मी म्हटलं, सईला घड्याळ कळत नाही, सव्वासहा म्हणजे काय हे तिला माहीत नाही. मग तो म्हणाला, डॉक्टरांना वास आला असेल आणि ते तुझी परीक्षा बघत असतील. मी म्हटलं, मग सिस्टरने ऐकलेला फोन कुणाचा? मग तो हळूच म्हणाला, "तुझ्या आईचा? तुमचा आवाज सारखा आहे." माझी आई जिवंत आहे, मिरजेत आहे, आणि त्या वेळी ती भाजी आणायला गेली होती. शिवाय दुधाचं तिला तरी कुठे माहीत होतं? सव्वासहाला त्या स्वयंपाकघरात सई आणि मी, दोघीच होतो.

गुरुवारी आम्हाला पुन्हा तीच खोली, तोच बाक. सेल्वी आणि यालिनी आधीच आलेल्या. मी दारातच थबकले. परत फिरावं असं खरंच वाटलं, पण सई हात सोडवून यालिनीकडे पळालीसुद्धा.

डॉक्टर राव आले. सेल्वीला विचारलं, काही खाल्लं का, ती नाही म्हणाली, त्यांनी मान हलवली. मग माझ्यासमोर आले. मी तोंड उघडायच्या आत ते खाली वाकले आणि सईला विचारलं, "कांहीं खादलेंस का, बाळ?" सई म्हणाली नाही. मग सिस्टरला तमिळमध्ये पुन्हा विचारायला लावलं. मला विचारलंच नाही. मी तिथे उभी होते, कागदांची फाईल छातीशी धरून. बरोबरच होतं ते.

यालिनीचा नंबर पहिला होता. औषध घेताना ती थुंकायला लागली. सेल्वीने एकटीने प्रयत्न केला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्का, पिडि." धर. मी यालिनीला मांडीवर घेतलं, जोडबोटांचा तो हात माझ्या मुठीत धरला, सईने लाकडी बस तिच्या पोटावरून चालवून दाखवली आणि सेल्वीने औषध घातलं. यालिनी गुंगीत गेली तेव्हा माझ्याच मांडीवर होती.

तिला आत नेल्यावर मी सेल्वीला म्हटलं, दोन दिवस पाठ करून ठेवलेलं, "नान् पोय् सोन्नेन्." मी खोटं बोलले. तमिळमध्ये, कारण मराठीत ते मला अजून जमलं नव्हतं.

"तेरियुम्," ती म्हणाली. माहीत आहे.

मग ती हळूहळू, मला कळावं म्हणून थांबत थांबत बोलली. नाही कळलं तिथे सईने सांगितलं. ती माझी पाच वर्षांची दुभाषी, आपलीच गोष्ट चाललीये हे तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी सई मांडीवर बसली तेव्हाच सेल्वीला तिच्या तोंडाला दुधाचा वास आला होता. तिला सगळं कळलं होतं. सांगायला उठणारही होती. पण तिला नुकताच एवढा ओरडा बसला होता, सगळ्यांसमोर... "तुला पण तसं ऐकायला लावावं असं वाटलं नाही," ती म्हणाली. म्हणून ती गप्प बसली आणि माझा हात धरला. "घरी गेल्यावर मला घास गिळेना. काही झालं असतं तर माझंही पाप होतं."

मी बोट दाखवलं त्याबद्दल ती काही बोलली नाही. मीच काढलं, तर "परवाइल्लै" म्हणाली, असू दे. पण हसली नाही. मला माफ केलं असं मी समजून चालत नाही.

मी तिला सईकडूनच विचारलं, त्या दहा मिनिटांत मी काही पुटपुटत होते का? भीतीने, नकळत? तिने आठवून सांगितलं, नाही. तू ओठ दातात धरला होतास. इतका घट्ट की रक्त आलं होतं. मीच माझ्या पदराने पुसलं, म्हणाली.

दोन्ही ऑपरेशनं नीट झाली. यालिनीची बोटं मोकळी झाली, सई आता घोरत नाही. सासूबाईंना मी खरं काय झालं ते सांगितलं. त्यांनी मला बोल लावला नाही. पण तेव्हापासून सईला ताप आला की औषधाचं नाव त्या मला न विचारता प्रशांतला विचारतात.

डॉक्टर राव पुढे एकदा आमच्या शाखेत आले होते, बायकोबरोबर, लॉकरच्या कामाला. माझ्या केबिनमध्ये बसले, कॉफी घेतली. उठताना मी विचारलंच. डॉक्टर, तो आवाज नक्की कसा होता? रिसेप्शनमधून कुणी मराठी पेशंट, कुणी नातेवाईक...? ते म्हणाले, "अम्मा, चाळीस वर्षें झालीं, मी भुलींतलीं माणसें ऐकतों. आवाज मला चुकत नाहीं. तुमचाच होता. शांत होता, घाई नाहीं, भय नाहीं."

म्हणून इथे लिहितेय. कुणाला याचं काही कारण सुचत असेल तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही, मी सगळी कारणं घालून बघितली आहेत आणि एकही बसत नाही. मला एवढंच खात्रीने माहीत आहे की नऊ चाळीसला मी त्या बाकावर तोंड मिटून बसले होते, आणि दहा मिनिटांनी ते उघडलं तेव्हा त्यातून काय निघालं. डॉक्टर आजही म्हणतात, तो आवाज माझा होता.

माझा असता तर फार बरं झालं असतं.